शिक्षकाला पगार किती? आधी सांगा, कुठल्या शिक्षकाला

आजच्या भागाची सुरुवात एका फॉरवर्डने करतो. तो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असणार. "सरकारी शिक्षकाला ऐंशी हजार पगार, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आणि तरी पोरांना वाचता येत नाही." खाली दोन-चार रागावलेले इमोजी. लगेच कुणीतरी मामा उत्तर देतात, "अरे, माझ्या ओळखीतला एक जण शाळेवर आहे, नऊ हजारांवर काम करतो." मग भांडण.

गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. आणि बऱ्याचदा हे दोन शिक्षक एकाच स्टाफरूममध्ये शेजारी-शेजारी बसलेले असतात. एकाच वर्गाला शिकवतात, एकाच बोर्डाचे पेपर तपासतात, निवडणुकीची ड्युटीही दोघांना सारखीच लागते. पगार मात्र एकाचा दुसऱ्याच्या जवळपास नऊपट.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण माझी मोठी बहीण लातूर जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर गणित-विज्ञान शिकवते, त्यामुळे आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावर असतो. गेल्या महिन्यात मी शासन निर्णय, म्हणजे ते जीआर, वाचत बसलो. ऑफिसात जुना कोड वाचायची सवय आहेच, हे त्याहून फार वेगळं नव्हतं. आधीचं काढायचं नाही, त्याच्यावर नवीन चढवायचं.

तर आधी शब्द समजून घेऊ. या क्षेत्रात शब्दांमध्येच सगळा खेळ आहे.

पहिला शब्द, शिक्षणसेवक. 2000 साली महाराष्ट्रात ही योजना आली. नवीन लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं 'शिक्षक' म्हणायचं नाही, 'शिक्षणसेवक' म्हणायचं. आणि त्याला पगार द्यायचा नाही, 'मानधन' द्यायचं. सुरुवातीला प्राथमिकला महिना 3,000, माध्यमिकला 4,000, उच्च माध्यमिकला 5,000. पुढे ते 6,000, 8,000 आणि 9,000 झालं, आणि मग दहा-एक वर्षं तिथेच थांबलं. या दहा वर्षांत पेट्रोल कुठून कुठे गेलं ते तुम्हाला माहिती आहे. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेलं, न्यायालयाने सुनावलं, आणि 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000, 18,000 आणि 20,000 झालं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडेही ट्रेनी असतातच की. असतात. पण ट्रेनीला तीन महिने, सहा महिने ठेवतात आणि खरोखर काहीतरी शिकवतात. शिक्षणसेवकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग दिलेला असतो. दुर्गम भागात दोन-तीन वर्ग एकत्र. डी.एड. किंवा बी.एड. झालेलं, टीईटी पास, त्यानंतर टेट दिलेली. (हो, टीईटी वेगळी आणि टेट वेगळी. पहिली पात्रता, दुसरी भरतीसाठी अभियोग्यता. नावं ठेवणाऱ्याने थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.) एवढ्या चाळण्यांतून आलेल्या माणसाला तीन वर्षं 'सेवक' म्हणून कशासाठी ठेवायचं?

एक साधा हिशोब करू. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 29,200 आहे. त्यावर 55 टक्के महागाई भत्ता धरा, 45 हजारांच्या थोडं वर जातं. घरभाडं सोडूनच देऊ. शिक्षणसेवकाला 16 हजार. फरक महिन्याला 29 हजारांचा. तीन वर्षांचे 36 महिने, म्हणजे एका माणसामागे साडेदहा लाख. 2024 मध्ये पवित्र पोर्टलवर जी भरती निघाली तिच्यात 21 हजारांवर जागा होत्या. त्यातले वीस हजार लोक प्राथमिकचे शिक्षणसेवक म्हणून लागले असं नुसतं समजून चाललं, तरी महिन्याला 58 कोटी वाचतात. कुणाच्या खिशातून वाचतात ते सांगायला नको.

आणि ही तरी नशीबवान मंडळी, बरं का. कारण 2010 च्या सीईटीनंतर राज्यात मोठी शिक्षक भरतीच झाली नव्हती. मे 2012 मध्ये भरतीवर बंदी आली. टेट पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये. दुसरी 2023 मध्ये, तिसरी 2025 मध्ये. 2023 च्या परीक्षेला दोन लाखांहून जास्त जण बसले होते. माझ्या शाळेतली जी मुलं बारावीनंतर डी.एड.ला गेली होती, "लगेच नोकरी" म्हणून, त्यांच्यातला एकही आज शिक्षक नाही. एक जण पतसंस्थेत आहे, एक जण पिग्मी गोळा करतो, एकीने पार्लर टाकलंय. डी.एड. कॉलेजं एके काळी तालुक्या-तालुक्याला निघाली होती, त्यातली कित्येक बंद पडली.

आता दुसरा शब्द, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. टप्पा.

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा बहुतेक खासगी संस्थांच्या असतात. संस्था शाळा काढते आणि शिक्षकांचा पगार सरकार अनुदान म्हणून देतं. आपल्यापैकी बरेच जण अशाच शाळेत शिकलो. मग मध्ये सरकारने ठरवलं की नवीन शाळांना परवानगी देऊ, पण पगाराची जबाबदारी घेणार नाही. त्या शाळांना नाव मिळालं 'कायम विनाअनुदानित'. 2009 मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला. एक शब्द काढला आणि हजारो शिक्षकांना वाटलं, आता पगार सुरू होणार. शब्द गेला, पण पैसा यायला अनेकांना दहा-दहा वर्षं लागली. तोही एकदम नाही. आधी 20 टक्के. मग 40. मग 60. याला टप्पा अनुदान म्हणतात. शिक्षक एकमेकांना विचारतात, "तुम्ही कितीवर आहात?" बाहेरच्या माणसाला वाटेल रक्तदाबाबद्दल चाललंय.

20 टक्के म्हणजे काय, तर काम शंभर टक्के आणि पगार त्या पदाच्या वीस टक्के. असा नियम जगात दुसऱ्या कुठल्या नोकरीत मी तरी ऐकलेला नाही. एसटीचा ड्रायव्हर चाळीस टक्के पगारावर पूर्ण लातूर-पुणे गाडी चालवतोय असं कधी होईल का?

माझी ताई जून 2011 मध्ये अशा शाळेवर लागली. वय 22, बी.एस्सी., बी.एड. मी तेव्हा शाळेतच होतो. संस्था महिन्याला तीन हजार द्यायची, तेही कधी दिवाळीला एकदम, कधी अर्धे, कधी "पुढच्या महिन्यात बघू". ताई सकाळी सहाला गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची, त्यावर तिचा गाडीखर्च निघायचा. नोव्हेंबर 2020 पासून त्यांच्या शाळेला 20 टक्के लागू झालं. आदेश निघाला म्हणजे पगार आला असं नसतं. शालार्थ नावाची ऑनलाइन पगार प्रणाली आहे, तिच्यात तुमचा आयडी तयार व्हावा लागतो, त्यासाठी फाइल उपसंचालक कार्यालयात जाते, त्रुटी निघतात, परत येते, परत जाते. या आयडीला काय किंमत आहे ते 2025 मध्ये नागपूरच्या बोगस शालार्थ आयडी प्रकरणात सगळ्या राज्याने पाहिलं. शिकवणारे खरे लोक रांगेत, आणि कागदावरचे शिक्षक पगार उचलतायत.

तर, ताईला आयुष्यातला पहिला सरकारी पगार आला तेव्हा ती 31 वर्षांची होती. रक्कम नऊ हजारांच्या आसपास. मी तिच्याआधी वर्षभर कामाला लागलो होतो, कॅम्पसमधून, हातात 27 हजार. मला तेव्हा धड एक बगही एकट्याने सोडवता येत नव्हता. तिच्या हाताखालून तोपर्यंत नऊ बॅचेस दहावी होऊन गेल्या होत्या.

जानेवारी 2023 पासून 40 टक्के. ऑगस्ट 2025 पासून 60. हा शेवटचा टप्पाही सहज आला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये निर्णय झाला, पैशाची तरतूद झाली नाही, मग जुलै 2025 मध्ये भर पावसात हजारो शिक्षक आझाद मैदानावर बसले. ताईही गेली होती. तिने पाठवलेल्या फोटोत एक बाई प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून नववीचे पेपर तपासतायत.

आता तुमच्या डोक्यात आलेला प्रश्न मलाही पडला होता. सोडून का देत नाही? मी तिला हे तीन-चार वेळा स्पष्ट विचारलंय. लातूर म्हणजे कोचिंगचं गाव. तिथल्या एका क्लासने तिला महिना 45 हजार देऊ केले होते, तेही ती चाळीस टक्क्यांवर असताना. ती म्हणाली, "अरे, आज सोडलं तर माझी बारा वर्षं गेली. आणि थांबले तर शंभर टक्के कधीतरी होतीलच ना. मग सोडायचं कधी? लागले त्याच वर्षी सोडायला हवं होतं. तेव्हा अनुदान येणार असं सगळे म्हणत होते."

मला ते ऐकून पहिल्यांदा कळलं की ही फक्त कमी पगाराची गोष्ट नाहीये. कमी पगार असेल तर माणूस दुसरीकडे जातो, विषय संपला. इथे पगार कमी ठेवलाय आणि सोबत आशा चालू ठेवलीय. टप्पा येणार. कायम होणार. आयडी निघणार. जो जितका जास्त थांबला, त्याला सोडणं तितकं अवघड. शिक्षणसेवक तीन वर्षं थांबतो, विनाअनुदानितवाला पंधरा वर्षं. कॉलेजात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तर सेट-नेट, पीएच.डी. होऊन थांबतात. जितके तास घेतले तितकेच पैसे, म्हणजे मे महिना कोरडा, दिवाळीची सुट्टी कोरडी.

आणि मग पुढचा प्रश्न. थांबणं परवडतं कुणाला?

ज्याच्या घरी दहा एकर बागायत आहे त्याला. ज्या बाईच्या नवऱ्याला नोकरी आहे तिला. ज्याचं बाजारपेठेत दुकान आहे आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसता येतं त्याला. ताईच्या शाळेतले दोन सर दूध डेअरी चालवतात, एक विम्याचे एजंट आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाहीये, पोरंबाळं आहेत, खाणार काय? पण पहाटे चारला उठून डेअरी बघणारा माणूस दुपारच्या तासाला किती शिल्लक असतो? आणि ज्या हुशार मुलीच्या घरी जमीन नाही, वडील मजुरीला जातात, ती कितीही चांगली शिकवत असली तरी या धंद्यात येऊच शकत नाही. तिला पहिल्या महिन्यापासून पैसे लागतात. ताईच्या शाळेत इंग्रजीच्या एक मॅडम होत्या, अशाच घरातल्या. सहा वर्षं थांबल्या आणि पुण्यात कॉल सेंटरला लागल्या. त्यानंतर दोन वर्षं आठवीला इंग्रजी शिकवायला कुणी नव्हतं. मराठीचे सर धडा वाचून दाखवायचे आणि अर्थ गाइडमधून सांगायचे. ती मुलं आता बारावीत असतील. कुठल्याही बजेटमध्ये ही दोन वर्षं दिसत नाहीत.

आता दुसरी बाजू. फॉरवर्डमधले ते ऐंशी हजारवाले शिक्षक. आहेत, नक्की आहेत. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या कायम शिक्षकाला तेवढा पगार मिळतो आणि तो मिळायलाच हवा असं माझं मत आहे. त्यातले काही शिकवत नाहीत हेही खरं आहे. 'असर'चा 2024 चा अहवाल बघा. देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नव्हता. त्याचा जाब शिक्षकांना विचारला पाहिजे. पण जाब विचारायचा तर माणूस वर्गात असायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बाकी कामं देऊ नयेत. 'निवडणुका' या एका शब्दात मतदारयाद्यांचं वर्षभराचं काम बसवतात. आणि अ‍ॅप्स! हे माझ्या धंद्यातलं पाप आहे म्हणून सांगतो. पोषण आहाराची माहिती एका ठिकाणी भरा, युडायस प्लस वेगळं, सरल वेगळं, आधार जुळवणी वेगळी, हजेरीचा चॅटबॉट वेगळा. एकाच मुलाचं नाव पाच ठिकाणी. दोन शिक्षकी शाळेत एक जण मोबाइलला रेंज शोधत गच्चीवर उभा असेल तर शाळा एकशिक्षकीच झाली ना?

अजून एक शब्द सांगायचा राहिला, संचमान्यता. मुलांच्या संख्येवरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारा कागद. पट घटला की पद गेलं आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरला. माणसाला अतिरिक्त म्हणायचं, हाही एक नमुनाच. त्यामुळे मे-जूनमध्ये कित्येक गावांत शिक्षक दारोदार फिरताना दिसतील. मुलं आपल्या शाळेत टिकावीत म्हणून रिक्षाचे पैसे स्वतः भरणारे शिक्षक आहेत. ताईने चाळीस टक्के पगारातून दोन मुलींचा पास काढून दिला होता, आणि त्यात मायेबरोबर हिशोबही होता. त्या दोघी गेल्या असत्या तर एक पद धोक्यात आलं असतं. मार्च 2024 च्या निर्णयाने हे निकष आणखी कडक केले, म्हणून छोट्या गावांतले शिक्षक सप्टेंबरमध्ये रस्त्यावर आले होते. जिथे मुलं कमी, तिथे शिक्षक कमी, मग पालक मुलं काढतात, मग मुलं अजून कमी. हे चक्र कळायला बी.टेक. लागत नाही.

वाचता-वाचता मला एक जुनी गोष्ट सापडली, ती सांगतो. 1882 मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला होता. महात्मा फुल्यांनी त्याच्यासमोर निवेदन दिलं. शाळेत आपण हे एका ओळीत पाठ केलेलं असतं, 'प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा'. पण निवेदनात ते चक्क पगाराचे आकडे देतात. प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये द्यावेत. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, लोकांमध्ये मिसळणारे असावेत. आणि एक गोष्ट तर मला फारच आवडली. गावाचे हिशोब तपासणं, दस्त नोंदवणं, टपालाचं काम अशा गोष्टी शिक्षकाकडे दिल्या तर गावात त्याचं वजन वाढेल, असं ते सुचवतात.

आपण त्यातला अर्धा भाग मात्र अगदी मन लावून अमलात आणलाय. कामं दिली.

राजकारणाचं थोडं बोलतो आणि पुढे जातो. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, खास शिक्षक मतदारसंघातून. पण तिथे मतदान करतात माध्यमिक आणि त्याच्या वरचे शिक्षक. पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना त्यात मत नाही. आणि आपल्यासारखे लोक, ज्यांची मुलं उद्या सीबीएसईला जाणार, त्यांना हा विषय आपला वाटत नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं. त्यांनी अर्धी रक्कम बाकीच्या स्पर्धकांत वाटून टाकली, मोठा माणूस. पण लाखो शिक्षकांची व्यवस्था एखाद्या विलक्षण माणसाच्या भरवशावर चालवता येत नाही. तिथे साधा, बरा शिकवणारा माणूस महिन्याच्या एक तारखेला निश्चिंत असायला लागतो.

मला काय हवंय? शिक्षणसेवक ही पायरीच काढा. परिवीक्षा ठेवायची तर ठेवा, पण पूर्ण वेतनावर. भरतीची परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्या, एमपीएससीवाल्यांना जसं निदान वेळापत्रक तरी मिळतं तसं. आणि ज्या शाळा सरकारने स्वतः तपासून पात्र ठरवल्यात, त्यांचे टप्पे संपवून टाका. पैसा कुठून आणायचा यावर वाद घालू, जरूर घालू. पण आज तो पैसा कुणीच देत नाहीये असं नाही. तो शिक्षक देतायत, त्यांच्या बायका-नवरे देतायत, आणि इंग्रजीविना गेलेली ती आठवीची मुलं देतायत.

ताई सध्या साठवर आहे. ऐंशीचा टप्पा कधी येणार हे तिच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं आणि रोज कुणीतरी "अधिवेशनात होईल" असं उत्तर देतं. ती हल्ली तो ग्रुप म्यूटवर ठेवते. दहावीचा त्रिकोणमितीचा धडा चालू आहे, सरावपरीक्षा तोंडावर आलीय.

तुमच्या जुन्या शाळेत आज किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, एकदा मुख्याध्यापकांना फोन करून विचारा. गणिताला कोण आहे, इंग्रजीला कोण आहे, आणि ते कितीवर आहेत. जे कळेल ते व्हॉइस नोट करून मला पाठवा, शाळेचं नाव नको, फक्त तालुका सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. भेटू मग.